मोगरा आधी की सावली?

होळीची राख निवते न निवते तोच नगरजवळच्या भिंगारच्या घरांमधून उन्हाळ्याची तयारी सुरू होते, आणि बऱ्याच घरांत तिच्यावरून वादही. पाणी थोडं, ऊन फार. तेव्हा असलेलं पाणी आणि हाताशी असलेले पैसे घालायचे कशावर?

पुढचे दोघे, मामा आणि भाची, अशाच एका घरातले समजा. मामांची हयात कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, बंगल्यांच्या बागा राखण्यात गेली. भाची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकलेली. घर गावठाणातलं: पुढच्या दोन खोल्यांवर जुनं माळवद, मधल्या भागावर स्लॅब, मागे स्वयंपाकघरावर पत्रा. समोर अंगण, आणि पश्चिमेला एक अरुंद पट्टी, जिथं सरपण आणि मोडक्या सायकली यांशिवाय आजवर काही उगवलेलं नाही.

मामा: पाडव्याच्या आत अंगणात लॉन टाकून घेऊ. नर्सरीवाला ओळखीचा आहे, तुकडे आणून देईल. कडेनं झिनिया, गलार्डिया, मधे कोचियाचे गोल. कॅम्पात मार्च सरला की फ्लॉक्स, पॅन्सी, पेटुनिया, सगळ्या हिवाळी फुलांनी माना टाकलेल्या असायच्या. साहेब विचारायचे, माळी, आता काय? मी म्हणायचो, आता उन्हाळ्याची बाग. मे महिन्यात बंगल्यासमोर हिरवं दिसलं तर माळी खरा.

भाची: अंगण केवढं आहे आपलं?

मामा: असेल वीस बाय पंचवीस फूट.

भाची: म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. चौरस मीटरभर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी उडवणार. म्हणजे २३० लिटर, तेही रोज. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी दंडक आहे. म्हणजे लॉन टाकलं की घरात पावणेदोन माणसं वाढली. आणि ती कामाला जाणार नाहीत.

मामा: अंघोळीचं, धुण्याचं पाणी गटारातच जातं की. ते घाल.

भाची: धुण्याच्या पहिल्या पाण्यात सोडा असतो. रोज तेच घातलं तर माती चिकट होऊन बसते. खळबळलेलं दुसरं पाणी चालेल, पण त्यावर माझा आधीच डोळा आहे. लॉनला ते मिळणार नाही.

मामा: तुम्ही शिकलेली माणसं सगळं लिटरात मोजता. हे नगर कशावर वसलं, ठाऊक आहे ना? बागेवर! २८ मे १४९० ला निजामशाहीच्या मलिक अहमदनं बहामनी सरदार जहांगीरखानाला इथंच, भिंगारजवळ हरवलं. मे महिना, सगळं रान तापलेलं. आणि जिंकल्या जागी पहिल्यांदा काय केलं? महाल बांधला, बाग लावली. बाग निजाम. त्या विजयाला नावच पडलं बागेचा विजय. शहर मागाहून आलं, किल्लाही मागाहून, त्याच बागेच्या जागेवर.

भाची: आणि त्या बागांना पाणी कुठून आलं? खापरी नळांतून. कापूरवाडीकडून, आपल्या भिंगारकडून, आणखी कुठकुठून जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ घातले आणि नुसत्या उतारावर पाणी शहरात नेलं. कसब मोठंच, मी नाही म्हणत नाही. पण बागा फुलल्या बादशहाच्या, आणि विहिरी-झरे आटले असतील ते गावांचे. तुमच्या लॉनसाठी मी खापरी नळ कोणत्या गावातून आणू?

(भाचीचा हा टोला बसला खरा, पण त्यात थोडी लबाडी आहे. त्या नळांचं पाणी केवळ बागांना नव्हे, शहराच्या हौदांनाही मिळत होतं. आणि निजामशाही गेल्यावरही नगरकर पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी प्यायले. चैनीसाठी आलेलं पाणी गरजेला उपयोगी पडतं, असंही कधी होतं.)

मामा: बरं, फराहबाग घे. १५८३ ला, मुर्तजा निजामशहाच्या वेळी पुरा झाला. आठ कोनांचा दुमजली महाल, भोवती तळं. पाण्यावरून येणारा वारा आत शिरायचा. उन्हाळ्याची तयारी असावी तर अशी.

भाची: तळ्यात पाणी नसतानाही आत पाऊल टाकलं की गार वाटतंच ना? मग गारवा निम्म्याहून जास्त त्या जाड भिंतींचा आणि उंच छताचा आहे. तळं वरची शोभा.

मामा: तळ्याला शोभा म्हणतेस?

भाची: शोभा वाईट असते असं कुठं म्हटलं? क्रम सांगतेय. आधी ऊन आत येऊ द्यायचं नाही. आलं तर भिंतीत मुरू द्यायचं. त्याउपर जे राहील त्याला पाणी. तुम्ही पाण्यापासूनच सुरुवात करताय.

मामा: पाण्यानं गार होतं म्हणून. एवढं साधं आहे.

भाची: होतं. एक लिटर पाणी उडून जाताना विजेच्या युनिटाच्या दोन तृतीयांश भागाइतकी उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तो यामुळे, कूलर चालतो तोही यामुळे. आणि आपली हवा कोरडी म्हणून ते जमतं. मुंबईत तोच कूलर लावा, अंगाला नुसतं चिकट होईल.

मामा: थांब, थांब. दोन तृतीयांश ना? मग माझ्या लॉनमधून २३० लिटर उडणार म्हणतेस. गुणाकार कर आता.

भाची: ...दीडशे युनिटं.

मामा: रोज दीडशे युनिटांचा थंडावा. आणि म्हणे कामाला जात नाही!

इथं भाची क्षणभर अडखळली, आणि अडखळायलाच हवं होतं. माळ्याच्या अनुभवाला पदवीच्या गणितानं असा पाठिंबा दिला की वादाची गंमत वाढते. बंगल्यासमोरची हिरवळ ही साहेबाची नुसती हौस होती, हे आपण फार सहज बोलून जातो. हिरवळीवरून व्हरांड्यात येणारा वारा खरोखरच उतरलेला असे. तापलेल्या फरशीवरून येणारा वारा आणि तो वारा यांतला फरक अंगाला कळतो. पण उत्तर भाचीकडेही होतं.

भाची: थंडावा खरा, पण तो उघड्यावर. भिंगारचा दुपारचा वारा तो उचलून पार पाथर्डी रस्त्याला नेऊन टाकतो. साहेबाच्या बंगल्याला चारी बाजूंनी एकरभर आवार होतं, म्हणून काही भाग घरात शिरायचा. आपल्याला वीस फूट. आणि दुसऱ्या बाजूचा हिशेब बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला सहा-सात युनिटांचं ऊन पडतं. स्लॅब चाळीस मीटर धरला तरी अडीचशे युनिटं होतात. त्यांतली बरीचशी स्लॅबमध्ये शिरतात आणि रात्री दहा वाजता आपल्या उशाशी उतरतात. त्यावर पांढरा चुना ओढला तर बरंचसं ऊन आल्या पावली परत. पाणी किती लागलं? चुना कालवायला लागेल तेवढं.

मामा: चुना ही सजावट झाली?

भाची: माझ्या मते झाली.

मामा: माझ्या मते ती मलमपट्टी झाली. सजावट म्हणजे दारातून आत येणारा माणूस जी बघून थबकतो ती. तुझा चुना बघायला गच्चीवर कोण चढणार?

माळवदाबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे, आणि मला वाटतं या घराचा खरा शहाणपणा तिथंच आहे. सागाची तुळई, त्यावर किलच्या, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. दिवसाचं ऊन ती माती गिळते, आणि आतल्या माणसाला त्याचा पत्ता लागेपर्यंत संध्याकाळ होते. मधलं साणं, म्हणजे छतातला झरोका, दुपारी झाकायचं, रात्री उघडायचं, की तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. उन्हाळा सरत आला की माळवदावरचं गवत उपटून नव्या मातीचा थर द्यायचा, नाहीतर पहिल्या वळवातच गळती. हे दरवर्षीचं काम चुकवायचं म्हणून तर लोक पत्र्याकडे वळले. पत्र्याला देखभाल नाही. पण दुपारी दोन वाजता पत्र्याखाली भाकरी थापणाऱ्या बाईला विचारावं की स्वस्त काय पडलं.

भाची: पत्र्यावर कडबा अंथरू. वीतभर जाड, वरून दोरीनं आवळून.

मामा: कडब्याला आग लागते, उंदीर होतात. त्यापेक्षा पत्र्याखाली बांबूचे तट्टे ठोक, मधे चार बोटं पोकळी ठेव. कॅम्पात मोटारखान्याला तसंच करायचो.

भाची: हे चांगलं आहे.

मामा: लिहून ठेव. विद्यापीठात शिकवलं नसेल.

भाची: आता पश्चिमेची भिंत. मेच्या मध्याला दुपारी सूर्य नगरच्या थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसं ऊन लागतच नाही. मार बसतो तो छपराला, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना. त्यात पश्चिमेचं ऊन आधीच तापलेल्या हवेवर येतं. ती पट्टी मोकळी करून तिथं कडुनिंब लावू.

मामा: कधी लावणार?

भाची: या आठवड्यात.

मामा: फाल्गुनात रोप लावतेस आणि पाण्याचे हिशेब मला शिकवतेस? आता फक्त खड्डा घे. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल. तो उन्हाळाभर तापू दे, किडे-बुरशी मरेल. मृगाचा पाऊस झाला की रोप लाव. आत्ता लावलंस तर जूनपर्यंत रोज बादलीभर पाजत बसशील आणि तरी त्याची पानं करपतील. आणि कडुनिंबाची सावली भिंतीवर पडायला सहा-सात वर्षं. तोवर?

भाची: तोवर शेवगा. वर्षात दहा-बारा फूट जातो.

मामा: आणि पहिल्या वादळात फांदी कडकन मोडून पत्र्यावर. शेवगा मागच्या कोपऱ्यात लाव, पत्र्यापासून लांब. भिंतीला तारा ओढून मधुमालती चढव. तीही मृगातच. या वर्षीपुरता वाळ्याचा पडदा सोड.

भाची: हिरवी नेट लावली तर? निम्मं ऊन अडतं, स्वस्त पडते.

मामा: घराला हिरवी नेट लावली की घर नर्सरीसारखं दिसतं. मी जन्मभर नर्सरीत राहिलो, आता घरात राहू दे. वाळा लाव. कॅम्पात व्हरांड्याला वाळ्याचे पडदे सोडायचे, दुपारभर त्यांवर पाणी मारायचं. आत शिरणाऱ्या वाऱ्याला वास यायचा. दिवाणखान्यात साहेब झोपायचे.

भाची: पाणी कोण मारायचं?

मामा: मी.

यावर भाची काही बोलली नाही. तिचा मुद्दा मामांनीच पुरा केला होता, आणि मामांना त्यात कमीपणा वाटत नव्हता, ही या वादातली अवघड गोष्ट आहे. १८०३ मध्ये इंग्रज सेनानी वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला, पुढे छावणी बसली, आणि भिंगारच्या कितीतरी घरांची चूल त्या बागा, ते व्हरांडे, ते पडदे यांच्यावर पेटली. गारवा दुसऱ्याचा असला तरी कसब आपलं होतं. लॉन हवं म्हणणाऱ्या माणसाला तेच कसब एकदा स्वतःच्या दारात बघायचं असेल, तर त्याला २३० लिटरांचा आकडा सांगून गप्प करता येत नाही. निदान मला तरी ते जमलं नसतं.

मामा: मोगऱ्याचं काय करणार आहेस? की त्यालाही लिटर लावणार?

भाची: मोगरा हवाच. सहा वेल आहेत, सहाही ठेवू. मी त्यांना परवाच बादली बादली पाणी घातलं.

मामा: तिथंच चुकलीस. मोगऱ्याला आधी ताण द्यावा लागतो. पौषात पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, माघात छाटायचं, मुळाशी शेणखत द्यायचं आणि मग पाणी. नवी फूट येते आणि त्या फुटीवरच कळी धरते. पाणी घालत राहिलीस तर पानंच पानं. बोगनवेलीचंही तेच, तहान लागल्याशिवाय ती रंग दाखवत नाही. माळ्याची अर्धी विद्या पाणी न घालण्यात आहे, पोरी.

भाची: मग हेच तर मी मघापासून सांगतेय!

मामा: तू पाणी नाही म्हणून घालू नका म्हणतेस. मी फूल हवं म्हणून घालू नको म्हणतो. बादली तीच राहिली तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

भाची: हिवरे बाजारला जाऊन बघा मामा, इथून अर्ध्या तासावर आहे. पाऊस किती पडला ते मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग ठरवतात कोणतं पीक घ्यायचं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. आपण अवर्षणाच्या पट्ट्यातले. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरीवर. घरानंही तसा ताळेबंद का मांडू नये? या छपरावर पडणारं पाणी टाकीत घेतलं तर शंभर मीटरांमागे चाळीसेक हजार लिटर तरी हाती लागेल.

मामा: मांड. पण त्या ताळेबंदात फुलासाठी एक खातं असू दे. किल्ल्यात नेहरूंना १९४२ च्या ऑगस्टमध्ये आणून ठेवलं ना, तेव्हा त्यांनी काय केलं? फुलांचे वाफे केले. भर उन्हात तासन्‌तास खणत बसायचे. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथंच लिहिलं आणि त्यातच हे सांगितलंय. जमीन कसली? दगड, विटांचे तुकडे, जुन्या इमारतींचा राडारोडा. सुटका कधी होईल ठाऊक नाही, तरी वाफे. बंदिवानाला फूल लागतं आणि तू मला चुना देतेस.

(योगायोग असा की ज्या जागी मलिक अहमदनं आपली बाग लावली, तिथंच साडेचारशे वर्षांनी हे वाफे खणले जात होते. खणताना नेहरूंना जुन्या भिंती लागल्या, एका भिंतीवर दगडात कोरलेलं कमळही सापडलं. पुढे खणायला ना हत्यारं होती, ना परवानगी. त्याच कैदेत मौलाना आझाद खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडले आणि मग त्यांना तांदूळ टाकू लागले. ‘गुबार-ए-खातिर’मधली ती गोष्ट वाचून आमच्या ओळखीच्या एकांनी खिडकीवर पाण्याचं परळ ठेवायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या सजावटीत मी ते परळ धरतो. पाणी पेलाभर लागतं, आणि गर्दी दिवसभर.)

भाची: नेहरूंच्या वाफ्यांवरून मी एवढंच घेईन की आधी मातीकडे बघा. आपल्या अंगणातही वीतभर खणलं की कौलाचे तुकडे लागतात. अशा मातीत पाणी थांबत नाही. शेणखत मिसळून वर वाळल्या पानांचं जाड आच्छादन दिलं तर मोगऱ्याला रोजचं पाणी चार दिवसांआड नेता येईल. आणि मुळाशी मडकं पुरू, बुडाला वात घालून. पाझरेल तेवढंच झाड पिईल.

मामा: मडकं नवं घे. जुन्याची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात.

भाची: घेते. आणि अंगण शेणानं सारवू. लॉन नको.

मामा: तुळशीभोवती तरी हरळी ठेव. चार हात.

भाची: चार हात म्हणजे?

मामा: चार हात म्हणजे चार हात. तू मीटरात कर.

भाची: दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. वीस लिटर रोज.

मामा: माझ्या अंघोळीतनं वजा कर.

एवढ्यात मामी बाहेर आल्या. त्यांचं म्हणणं दोघांनीही आजवर विचारलं नव्हतं. मामींच्या मते उन्हाळ्याची सजावट चैत्र शुद्ध तृतीयेला होते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते: अंगणात चैत्रांगण, गौर झोपाळ्यात, समोर आरास, कलिंगडाचं कापून केलेलं कमळ, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, पन्हं, आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर मोगऱ्याचं फूल. अक्षय्य तृतीयेला नवा माठ पाण्यानं भरून द्यायचा. त्यासाठी अंगण सारवलेलं हवं, कारण चैत्रांगण गवतावर काढता येत नाही. आणि मोगरा फुललेला हवा, कारण विकतच्या फुलांचा भाव त्या महिन्यात परवडत नाही. एका सणात दोघांचीही निम्मी निम्मी बाजू निकालात निघाली. मला मामींचं पटतं. आपल्याकडे उन्हाळ्याची शोभा ही नेहमी येणाऱ्याला काहीतरी गार देण्यातून झाली आहे. पंढरपूरच्या विठोबालाही पाडव्यापासून मृगापर्यंत रोज चंदनाची उटी लागते; तीही थंडावाच, आणि अलंकारही.

भाची: मग ठरलं. रविवारी गच्चीला चुना.

मामी: रविवारी कसा? सोमवारपासून कुरडयांचा गहू भिजत घालायचाय. चुन्यावर कुरडया घालू होय मी?

भाची: दोन हात मारले की तीन दिवसांत वाळेल, मामी. वर लुगडं अंथरायचं.

मामी: बोटाला लागतो तो, मग लुगड्याला लागेल, लुगड्याचा कुरडईला. आधी कुरडया, मग पापड, मग तुझा चुना.

मामा: तोवर मेचा पहिला आठवडा उजाडेल.

भाची: निम्म्या गच्चीला मारू? झोपायच्या खोलीवरच्या?

मामी: कोणती निम्मी ते मी दाखवते. चला वर, आणि खराटा घेऊन या.